विश्लेषण : थोड्या पैशांत सोने-चांदी घेताना दराआधी घट पाहा

अक्षय्य तृतीया, दसरा किंवा गुरुपुष्यामृत आले की सराफ बाजारात दोन तऱ्हेचे ग्राहक दिसतात. एक लग्नाचे दागिने घेणारा. त्याच्यासाठी खुर्ची पुढे येते, चहा येतो. दुसरा मुहूर्त साधण्यापुरते एक वेढणे, ग्रॅमभराचे नाणे नाही तर चांदीची जोडवी घेणारा. एप्रिल २०२५ मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आणि तोळ्यात बोलणारी कितीतरी घरे ग्रॅममध्ये बोलू लागली. या दुसऱ्या ग्राहकाला सगळे जण एकच प्रश्न विचारतात, ‘काय दराने घेतले?’ खरे तर त्याने आधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे. मी दिलेल्या पैशांतले प्रत्यक्ष धातूत किती गेले आणि उद्या विकायला आलो तर हातात किती पडतील? खरेदी जितकी लहान, तितकी या दोन आकड्यांतली तफावत मोठी असते.

दहा हजारांत सोने किती?

समजा, एखाद्याने १०,००० रुपयांचा २२ कॅरेटचा लहानसा दागिना घेतला. घडणावळ १५ टक्के आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी धरला, तर त्यातले सोने साधारण ८,४४० रुपयांचे भरते. तोच दागिना दुसऱ्या दिवशी मोडायला नेला आणि सराफाने ३ टक्के घट धरली, तर हातात ८,१९० रुपयांच्या आसपास येतात. म्हणजे पैसे नुसते परत मिळण्यासाठी सोन्याचा भाव २२ टक्क्यांनी वाढायला हवा. घडणावळ ५ टक्के असलेले नाणे घेतले, तर मोडताना सुमारे ८,९७० रुपये मिळतील आणि भाव साडेअकरा टक्के वाढावा लागेल. मोबाइलवरच्या ‘डिजिटल गोल्ड’ला घडणावळ नसते, पण ३ टक्के जीएसटी लागतो आणि खरेदी-विक्रीच्या दरात अंतर असते. ते ३ टक्के धरले तर ९,४२० रुपये परत मिळतात. शेअर बाजारात नोंदलेल्या गोल्ड ईटीएफच्या खरेदीवर घडणावळ नाही, सोन्यावरचा जीएसटीही ग्राहकाला वेगळा द्यावा लागत नाही. दलाली आणि दरातला फरक मिळून एक टक्का गेला असे मानले, तर ९,९०० रुपये उरतात. फंडाचा वार्षिक खर्च मात्र दरवर्षी थोडा थोडा कापला जातो.

यातले घडणावळीचे आणि घटीचे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. ते दुकानागणिक बदलतात. क्रम मात्र सहसा हाच राहतो. नाजूक, हलक्या दागिन्याला कारागिराचे कष्ट जड दागिन्याइतकेच, कधी जास्तच लागतात. त्यामुळे अर्ध्या ग्रॅमच्या नथीवर किंवा बाळाच्या अंगठीवर घडणावळीची टक्केवारी पाटल्यांपेक्षा जास्त असते. यात सराफाची लबाडी असतेच असे नाही. पण ती नथ ‘गुंतवणूक’ म्हणून गळ्यात मारली जाते, तेव्हा ती फसगतच ठरते.

कायद्याचे कवच दोन ग्रॅमनंतर

सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा ‘एचयूआयडी’ क्रमांक नसलेला हॉलमार्क दागिना विकता येत नाही. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अॅपमध्ये टाकला की दागिना कोणत्या सराफाचा, कुठे तपासला आणि किती शुद्धतेचा, हे समोर येते. शुद्धता कमी निघाली तर ग्राहकाला त्या वजनाच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च मागता येतो. व्यवस्था चांगली आहे. पण दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना तिच्यातून सूट आहे. सक्ती दागिने आणि कलावस्तूंना आहे. नाणी, बिस्किटे, लगडी तिच्याबाहेर राहतात.

म्हणजे दोन तोळ्यांचे गंठण घेणाऱ्याला कायद्याचे कवच, आणि महिनाभर काटकसर करून दीड ग्रॅमची कुडी घेणारीला फक्त सराफाचा शब्द. वास्तविक हॉलमार्कचे शुल्क प्रति नग ४५ रुपये अधिक जीएसटी एवढेच आहे. सूट म्हणजे मनाई नव्हे. त्यामुळे लहान वस्तूलाही हॉलमार्क असलेलीच द्या, असा आग्रह ग्राहकाने धरावा. घरातल्या जुन्या दागिन्यांबद्दल शंका असेल, तर मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्कात शुद्धता पाहून घेता येते.

बाजारात ‘एक ग्रॅम सोन्याचे दागिने’ अशा पाट्याही सर्रास दिसतात. ते पितळ-तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेले दागिने असतात. हौसेला उत्तम, पण मोडायला नेले तर त्यांना सोने म्हणून कोणी विचारत नाही.

सोने हवे कशासाठी?

अर्थसल्लागार ‘ईटीएफ घ्या’ म्हणून मोकळे होतात. आकडे त्यांच्या बाजूने आहेत, पण गरज प्रत्येक घराची निराळी असते. खरिपाची पेरणी, शाळेची फी, दवाखाना अशा वेळी आपल्याकडे सोने तारण ठेवले जाते. रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या निर्देशांनुसार बँका आणि वित्तसंस्था दागिने व नाण्यांवर कर्ज देऊ शकतात. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला तारणाच्या मूल्याच्या ८५ टक्क्यांपर्यंतची मर्यादा आहे. याच निर्देशांत चांदीच्या दागिन्यांचाही समावेश आहे. बिस्किट, लगड किंवा ईटीएफच्या युनिटवर मात्र या तरतुदीखाली कर्ज मिळत नाही. ज्या घरात सोने हीच अडीनडीची पुंजी आहे, तिथे बिस्किट निरुपयोगी आणि कमी घडणावळीची साधी बांगडी किंवा वेढणे उपयोगी.

म्हणून आधी हेतू ठरवावा. घालायचे असेल, तर दागिना घ्यावा आणि घडणावळ ही हौसेची किंमत समजावी. तारणासाठी हवे असेल, तर साधा, खडे नसलेला, हॉलमार्क असलेला दागिना घ्यावा. निव्वळ बचत करायची असेल, तर ईटीएफ किंवा गोल्ड फंड बरा. तिन्ही हेतू एकाच नथीने साधत नाहीत. आणि हातात दोन-तीन महिन्यांचा घरखर्च नसेल किंवा डोक्यावर महागडे कर्ज असेल, तर सोन्याचा मुहूर्त पुढे ढकलणे अधिक शहाणपणाचे. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यावर घेतलेल्या सोन्याची वाढ व्याजातच विरघळते.

दरमहा हजार रुपये कुठे?

लहान बचतदारासाठी सर्वांत सोयीची योजना सरकारनेच काढली होती आणि सरकारनेच थांबवली. नोव्हेंबर २०१५ मध्ये सुरू झालेल्या सुवर्ण रोख्यांत एक ग्रॅमपासून गुंतवणूक करता येई, वर अडीच टक्के व्याज मिळे. घडणावळ नाही, घट नाही. पहिल्या मालिकेत २,६८४ रुपये प्रति ग्रॅमने घेतलेल्या रोख्याचे नोव्हेंबर २०२३ मध्ये ६,१३२ रुपये मिळाले. भाव चढले तसे हे कर्ज सरकारला महाग पडू लागले आणि फेब्रुवारी २०२४ नंतर नवी मालिका आली नाही. जुने रोखे शेअर बाजारात मिळतात, पण तिथे भाव आणि उलाढाल पाहूनच घ्यावे लागतात.

आज नियंत्रकाच्या देखरेखीखालचा पर्याय ईटीएफचा. अनेक फंडांचे एक युनिट सोन्याच्या साधारण ०.०१ ग्रॅमइतके असते, त्यामुळे शंभर-दोनशे रुपयांतही सुरुवात होते. त्यासाठी डिमॅट खाते लागते. चार लाखांपर्यंतच्या मूल्याच्या ‘बेसिक’ डिमॅट खात्याला वार्षिक देखभाल शुल्क नाही. आपले खाते त्या प्रकारचे आहे का, ते विचारून घ्यावे. डिमॅट नको असेल, तर म्युच्युअल फंडाच्या गोल्ड फंडात दरमहा ठरावीक रक्कम भरता येते. ‘डिजिटल गोल्ड’ मात्र आपल्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा ‘सेबी’ने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला आहे. दहा रुपयांत सोने मिळते ही सोय खरी, पण कंपनी अडचणीत आली तर दाद कुठे मागायची, हा प्रश्न उरतोच.

सराफांच्या मासिक योजनांबाबतही तोच प्रश्न आहे. अकरा महिने पैसे भरा, बाराव्या महिन्यात दागिना घ्या, असे त्यांचे स्वरूप. अकराच महिने का? कंपन्यांनी मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत माल देऊन वळती झाली नाही, तर ती ठेव ठरते आणि ठेवींचे कडक नियम लागू होतात. या पैशांना बँकेतल्या ठेवीसारखे पाच लाखांचे विमा संरक्षण नसते. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर ठाणे-डोंबिवली परिसरातल्या एका सराफी साखळीच्या दालनांना अचानक टाळे लागले, तेव्हा मासिक हप्ते भरणाऱ्या शेकडो कुटुंबांना पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी राज्याचा १९९९ चा आणि केंद्राचा २०१९ चा कायदा आहे, पण तो कामाला येतो पैसे अडकल्यावर. अशी योजना घ्यायचीच, तर दरमहा रुपये जमा होतात की त्या दिवशीच्या दराने ग्रॅम, सवलत नक्की कशावर आणि मध्येच थांबलो तर रोख परत मिळते का, हे लेखी घ्यावे.

चांदी खरोखर स्वस्त?

सोने परवडत नाही म्हणून चांदी, हा विचार सोपा वाटतो. पण चांदीची निम्म्याहून अधिक मागणी सौर पॅनेल, इलेक्ट्रॉनिक्स अशा उद्योगांकडून येते. त्यामुळे तिचे हेलकावे सोन्यापेक्षा मोठे असतात. जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या घरात गेली आणि दोनच महिन्यांत ११ डॉलरच्या खाली आली. २०११ मध्ये पुन्हा ५० डॉलरजवळ पोहोचून घसरली. १९८० चा उच्चांक मोडायला ऑक्टोबर २०२५ उजाडले. सोन्यानेही सप्टेंबर २०११ मध्ये १,९०० डॉलर गाठले आणि २०१५ च्या अखेरीस ते १,०५० डॉलरवर आले. तो भाव पुन्हा दिसायला २०२० यावे लागले. रुपया घसरत गेल्याने भारतीय ग्राहकाला ही झळ कमी बसली, पण बसली. ‘सोने कधी पडतच नाही’ हे काउंटरवरचे वाक्य आहे, इतिहास तसे सांगत नाही.

चांदीत घटीचा फटकाही जास्त बसतो. पैंजण, निरांजन, करंडा यांत शुद्ध चांदी किती, हे बिलावर अनेकदा लिहिलेलेच नसते. १ सप्टेंबर २०२५ पासून हॉलमार्क असलेल्या चांदीच्या वस्तूंवरही एचयूआयडी आला, पण तो हॉलमार्क ऐच्छिकच ठेवला आहे. वस्तू ९२५ ची की ९९९ ची, हे बिलावर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. रंगीत डबीतल्या पाच-दहा ग्रॅमच्या नाण्यात धातूपेक्षा डबीचेच पैसे बरेच जातात. थोडे थांबून मोठे नाणे घेतलेले परवडते.

काउंटरवरचे प्रश्न

दुकानात चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. आजचा दर कोणत्या कॅरेटचा? घडणावळ टक्क्याने की ग्रॅममागे? खडे, काळे मणी, लाख वगळून निव्वळ वजन किती? आणि याच दुकानात मोडायला आणले तर घट किती, रोख मिळेल की बदल्यात दुसरा दागिनाच घ्यावा लागेल? उत्तरे बिलावर यायला हवीत. बँकेतून नाणे घेणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की बँका नाणी विकतात, परत घेत नाहीत. ते मोडायला शेवटी सराफाकडेच जावे लागते. प्रत्यक्ष सोने दोन वर्षांहून अधिक काळ ठेवून विकले, तर नफ्यावर साडेबारा टक्के दीर्घकालीन भांडवली नफा कर आहे. त्या हिशेबालाही बिलच लागते. बिल नको असेल तर जीएसटी वाचेल, ही सराफाची ऑफर म्हणूनच महागात पडते. तीन टक्के वाचतात, पण शुद्धतेची तक्रार करण्याचा आधार जातो.

ग्राहकाने सावध राहावे, एवढे सांगून सरकारला मोकळे होता येणार नाही. दोन ग्रॅमखालची हॉलमार्कची सूट, दर वाढल्यानंतर, सर्वांत गरजू ग्राहकालाच उघड्यावर टाकते. ती काढायला हवी. दुकानात आजच्या दराच्या फलकाशेजारी मोड घेण्याचा दर आणि घटीची टक्केवारी लावणे सक्तीचे करावे. डिजिटल सोन्याला एक नियंत्रक नेमावा. आणि सुवर्ण रोखे महाग पडले असतील, तर व्याज कमी करून, वार्षिक खरेदीची मर्यादा दहा-वीस ग्रॅमवर आणून, फक्त लहान बचतदारांसाठी ते पोस्टात पुन्हा सुरू करावेत. ज्या देशात सोन्याला घराघरात बचतीचा मान आहे, तिथे ग्रॅमभर सोने घेणाऱ्यालाच टक्केवारीने सर्वाधिक भुर्दंड पडावा, हे बरे नाही. तोवर मुहूर्ताला दुकानात शिरणाऱ्याने दराच्या फलकावर एक नजर टाकावी आणि मग घटीचा आकडा विचारावा.