पाचर

मे महिन्याचा शेवटचा शनिवार. तुम्ही मॉलमध्ये असाल किंवा एसी लावून झोपला असाल, तेव्हा मी रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी परसात उभी होते. हातात कुऱ्हाड!

मामला साधा होता. मिरग आठ-दहा दिवसांवर आलेला आणि पावसाळ्याच्या बेगमीची निम्मी लाकडं फोडायची बाकी. स्वयंपाक कधीच गॅसवर गेला, पण आंघोळीचा बंब अजून लाकडावरच. दरवर्षी हे काम काकांचं. यंदा खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी कुऱ्हाड बंद केली. गडी मिळत नाहीत, पोरं सगळी मुंबईला.

म्हटलं, आणा इकडे. जिमची वर्षाची फी भरलीय, वसूल होऊ दे!

पहिला घाव दणकून घातला. पातं जे रुतलं ते निघेचना. पडवीतून काका म्हणाले, ‘अगो, आधी लाकूड बघ!’

मग क्लास सुरू. थंडीत तोडलेला ओंडका वाळताना त्याच्या कापलेल्या तोंडावर चिरा पडतात. घाव त्या चिरेवरच घालायचा. लाकडाचे तंतू उभे असतात. ते आडवे तोडताना जीव जातो, एकमेकांपासून सुटे करणं त्यामानाने सोपं. गाठीपाशी तंतू वळतात, म्हणून गाठ टाळायची. जाड ओंडक्याच्या मध्यावर घाव घालायचा नाही, कडेने ढलप्या काढत आत यायचं. आणि तो ठेवायचा दुसऱ्या बुटक्या ओंडक्यावर, म्हणजे पातं खाली आलं तर लाकडात जातं, पायात नाही.

फणसाचा एक गाठाळ ओंडका काही ऐकेना, तेव्हा काकांनी लोखंडी पाचर काढून दिली. कुऱ्हाड पातळ, ती आत शिरते. पाचर जाड, ती फाकवते. घणाचे सहा ठोके, चर्र आवाज, दोन तुकडे! कुऱ्हाडीच्या पाठीने मात्र पाचर ठोकायची नाही, दांडा बसतो ते भोक फाकतं. ज्या ज्या ऑफिसात कामासाठी जाते तिथे पाचर मारणारे भेटतातच. कामाला येणारी पाचर पहिल्यांदा बघितली.

नॉर्वेच्या एनआरके चॅनलने फेब्रुवारी २०१३ मध्ये सरपणावर चक्क १२ तासांचा कार्यक्रम दाखवला होता. रचताना साल वर की खाली, यावर प्रेक्षकांचे तक्रारीचे एसएमएस आले. तेव्हा मी हसले होते. आता विचारते, काका, साल वर की खाली?

दोन तासांत हाताला तीन फोड आणि जेमतेम आठवड्याचं जळण. काकांनी एवढं अर्ध्या तासात उरकलं असतं. ते काहीच बोलले नाहीत. डाव्या हाताने एकेक ढलपी उचलून रचत राहिले. मला ते बघवेना.

संध्याकाळी त्यांनी कुऱ्हाड पुसली, पात्याला तेल लावलं.

‘उद्या कितीची गाडी?’

‘मंगळवारची केलीय.’

‘मग उद्या आंब्याचा मोठा घेऊ.’

संपादकसाहेब, कॉलम उशिरा का आला ते कळलं ना?