वृद्धांचे घर गावात की माळावर?

निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्यागणिक किमान १५० जणांची सोय व्हावी, असे २००७ चा कायदा सुचवितो. ती ‘सहज पोहोचता येईल अशा ठिकाणी’ असावी, असेही सांगतो. आम्हास हे शब्द संख्येहून मोलाचे वाटतात. जमीन स्वस्त म्हणून वृद्धाश्रम माळावर बांधले जातात. तेथे हवा शुद्ध असते. बोलावयास मात्र कोणी नसते!

लोणंदला रेल्वे स्थानक आहे, कांद्याची बाजारपेठ आहे. आषाढीच्या वाटेवर माउलींची पालखी येथे विसावते. या वर्दळीतच तळमजल्यावरील बिनउंबऱ्याच्या खोल्या, सामायिक स्वयंपाकघर आणि रस्त्याकडे तोंड असलेला ओटा हवा. भाजी आणण्या-निवडण्याचे काम ज्येष्ठांकडेच राहावे. त्यात चालणेही होते, बोलणेही. आपल्या धर्मग्रामात अशा घरासाठी कोणी जमीन देऊ केल्यास क्षेत्रफळाआधी बाजार किती पावलांवर आहे, हे विचारावे.