एकट्याचें काम नव्हे

आमच्या एका वडीलधाऱ्या आप्तांनीं घराण्याचा कुलवृत्तांत सिद्ध करण्यासाठीं आयुष्याचीं अठरा वर्षें वेंचलीं. जुने कागद, तीर्थोपाध्यायांच्या वह्या, वृद्धांच्या आठवणी, जें मिळेल तें त्यांनीं टिपून ठेविलें. मदतीस चार तरुणही होते. परंतु ‘आज अमक्यास पत्र घाला’ याहून अधिक त्यांस कधीं कांहीं सांगितलें गेलें नाहीं. ते वारले तेव्हां सात वह्या मागें राहिल्या. आम्हीं त्या उघडून पाहिल्या. ‘स.’ म्हणजे सखाराम कीं सदाशिव? नांवापुढील फुली म्हणजे मृत, निपुत्रिक, कीं नुसती शंका? सांगणारा उरला नव्हता. आणि तो असतां आम्हींही कधीं विचारलें नव्हतें.

पुष्कळांनीं मिळून करावयाच्या कामाची आंखणी कशी असावी, हा प्रश्न निघाला म्हणजे आम्हांस त्या वह्या आठवतात. त्यांच्या जोडीला आठवतें तें पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें तडीस नेलेलें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें कार्य. १९१९ सालीं डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या हस्तें त्याचा आरंभ झाला. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं द्रव्यसाहाय्य देऊं केलें. कार्य पूर्ण झालें १९६६ सालीं. या सत्तेचाळीस वर्षांत आरंभ करणारे भांडारकर निवर्तले. १९२५ सालीं प्रधान संपादक झालेले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर १९४३ च्या जानेवारींत वारले. त्यांच्यामागून डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकर व नंतर डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्य यांनीं धुरा वाहिली. माणसें गेलीं, काम थांबलें नाहीं. हें कशानें साधलें?

एक तर त्यांनीं प्रथम नमुना करून पाहिला. श्री. उत्गीकर यांनीं संपादिलेली विराटपर्वाची तात्पुरती आवृत्ति १९२३ सालीं छापून ती विद्वानांकडे अभिप्रायासाठीं धाडली. दोष लोकांनीं आधींच दाखवावे, हा त्यांतील हेतु. आपल्याकडे कार्याचा गाजावाजा आधीं होतो आणि दोष शेवटीं दिसतात.

दुसरें म्हणजे सर्वांस एकच तक्ता. शारदा, बंगाली, ग्रंथ, मलयाळम् अशा नाना लिपींतील हस्तलिखितें ताडून पाहावयाचीं होतीं. यासाठीं आंखीव कागदावर वरच्या ओळींत श्लोक लिहीत, एकेका चौकटींत एकेक अक्षर. आणि खालच्या ओळींत त्या त्या हस्तलिखितांतील पाठभेद त्याच अक्षराखालीं नोंदवीत. शांतिनिकेतन व तंजावर येथेंही हें काम चाले. पद्धति एकच असल्यानें एकाचा कागद दुसऱ्यास वाचतां येई. लिहिणारा बदलला तरी कागद मुका होत नसे.

तिसरें, जबाबदारीची स्वच्छ वांटणी. आदिपर्व व आरण्यकपर्व सुखठणकरांनीं स्वतःकडे ठेविलीं. विराटपर्व लाहोरच्या डॉ. रघुवीरांकडे, उद्योगपर्व डाक्क्याच्या डॉ. सुशीलकुमार डे यांजकडे, सभापर्व अमेरिकेंतील प्रोफेसर एजर्टन यांजकडे दिलें. पर्व ज्याचें त्याचें, नियम मात्र सर्वांचे एक. म्हणूनच सुखठणकरांच्या निधनानंतरही, १९४४ सालीं, सभापर्व बाहेर पडूं शकलें.

आणि चौथी गोष्ट आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. जेथें पाठ निश्चित नाहीं, तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ छापली आहे. एवढे मोठे पंडित. पण ‘येथें आमची खात्री नाहीं’ असें छापून सांगण्यांत त्यांस कमीपणा वाटला नाहीं. मागून येणाऱ्यास नेमकें कोठें श्रम करावे, हें त्या रेघेनें कळतें. आमच्या आप्तांच्या फुलीजवळ हीच एक ओळ लिहिलेली नव्हती.

गेल्या महिन्यांत आमचा पुतण्या आणि धाकटी सून यांनीं कुलवृत्तांत पुढें नेण्यासाठीं त्या वह्या मागितल्या. आम्हीं त्या दिल्या, पण आधीं एक कोरी वही पुढें ठेविली. पहिल्या पानावर प्रत्येक खुणेचा अर्थ लिहावा. प्रथम एकच शाखा पुरी करून ती घरोघर वडील मंडळींस, आणि विशेषतः सासुरवाशिणींस, दाखवावी. प्रत्येक शाखेस एक माणूस नेमावा. संशयित नांवाखालीं नागमोडी रेघ ओढावी. आणि दर सहा महिन्यांनीं वही दुसऱ्याच्या हातीं देऊन त्यास ती वाचतां येते कीं नाहीं, हें पाहावें. सूनबाईंनीं हें सर्व त्याच वहींत उतरून घेतलें आणि विचारलें, “मामंजी, तुम्हांस आठवतात तीं नांवें आजच सांगतां ना?” आम्ही चष्मा शोधूं लागलों. त्या सायंकाळीं चौऱ्याहत्तर नांवें लिहून झालीं; त्यांपैकीं अकरांखालीं रेघ आहे.

वाचकांच्या घरीं लग्नकार्य असो, देवळाचा जीर्णोद्धार असो वा वृत्तांत असो, ज्याच्या एकट्याच्या डोक्यांत सर्व आहे असा कोणी घरांत असेल, तर त्याच्याजवळ आजच वही घेऊन बसावें.