पाहिजे : सर्वगुणसंपन्न बाई

छोट्या जाहिराती वाचण्याचे मला व्यसन आहे. गेल्या रविवारी मात्र त्या व्यसनाने माझ्या चहाची चव घालवली. ‘आजोबांच्या सेवेसाठी बाई पाहिजे’ अशा मथळ्याखाली इन्सुलिन टोचणे, लघवीच्या नळीची निगा राखणे आणि जखमेचे ड्रेसिंग करणे ही कामे नमूद करून, त्याच दमात दोन्ही वेळचा स्वयंपाक, धुणे आणि कुत्र्यास फिरवून आणणे यांचाही त्या बाईच्या कर्तव्यांत अंतर्भाव केलेला होता. पगार आणि साप्ताहिक रजा यांचा मात्र त्या मजकुरात मागमूसही नव्हता.

अशा सेवेची गरज मात्र मोठी आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे साठी ओलांडलेली माणसे देशात दहा कोटींवर आणि एकट्या महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक होती. केंद्र सरकारने २०१०-११ साली वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि त्यात जिल्हा रुग्णालयात दहा खाटांच्या वृद्धकक्षाची तरतूदही केली. परंतु रुग्ण घरी परतला की पुढचा सारा कारभार नर्सिंग ब्यूरोतून येणाऱ्या सिस्टरवर, म्हणजे परिचारिकेवर, किंवा मावशीवर, म्हणजे मदतनीस बाईवर, पडतो, आणि या दोघींच्या शिक्षणात काय अंतर आहे याची विचारपूस करण्याची तसदी घरची मंडळी क्वचितच घेतात.

आमच्याच घरचे उदाहरण घ्या. आमचे तात्या मामलेदार म्हणून निवृत्त झालेले. पक्षाघाताने डावे अंग लुळे पडले तरी अंमल गाजवण्याची त्यांची हौस शाबूत होती. म्हणून ब्यूरोतून सिस्टर कामावर रुजू झाल्या त्या दिवशी तात्यांनी त्यांची रीतसर उलटतपासणी घेतली आणि ‘आजोबा’ हे संबोधन तत्काळ नामंजूर केले. सिस्टर त्यांना ‘साहेब’ म्हणू लागल्या, तरीही तह झाला नाही. तो झाला सिस्टरांच्या वहीमुळे. पाणी किती घेतले, लघवी किती झाली, रक्तदाब किती आणि दर दोन तासांनी कूस कोणत्या अंगावर बदलली, याची वेळेसह नोंद असलेली ती वही तात्यांनी चष्मा लावून पानोपान तपासली. इतके चोख दफ्तर त्यांच्या तालुक्यातल्या एकाही तलाठ्याने कधी ठेवले नसावे. त्यानंतर कूस बदलण्याच्या प्रत्येक हुकमाची ते निमूट तामील करू लागले आणि पाठीवर एकही शय्याव्रण उठला नाही.

पुढे एके संध्याकाळी तात्या असंबद्ध बोलू लागले, तेव्हा आम्ही सर्वांनी ‘वय झाले’ असा निकाल देऊन टाकला होता. काल शुद्धीत असलेला मनुष्य आज एकाएकी बरळू लागला तर तो वयाचा दोष नव्हे, हे सिस्टरांनी डॉक्टरांना फोन करून लघवीची तपासणी करवल्यावर आम्हांस कळले. ताप नव्हता, परंतु मूत्रमार्गात जंतुसंसर्ग होता. वृद्धांत तो अनेकदा अशाच वेषांतराने येतो.

पण सिस्टरांचा खरा सामना रोगाशी नव्हताच. तो होता समाचारास येणाऱ्यांशी. ही जमात दुपारच्या झोपेच्या वेळी नेमकी अवतरते, रुग्णाच्या उशाशी बसून तशाच दुखण्याने दगावलेल्यांची नामावळी सांगते, आणि ‘काही होत नाही हो, घोटभर घ्या’ असे म्हणून आडव्या पडलेल्या माणसाच्या तोंडी पाण्याचा पेला लावते. पक्षाघातानंतर गिळण्याची क्रिया अनेकदा बिघडते, पाण्यासारखे पातळ पदार्थ श्वासनलिकेत उतरू शकतात आणि त्यातून न्यूमोनिया उद्भवू शकतो. म्हणून सिस्टर तात्यांना ताठ बसवून घट्टसर पेजच चमच्याने भरवत आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे होऊ देत नसत. दूरच्या नात्यातल्या एका मावशींनी सिस्टरांचा डोळा चुकवून बेसनाचा लाडू भरवला, त्या दिवशी तात्या काळेनिळे पडले. सिस्टरांनी घास काढला म्हणून बचावले. त्या मावशी जाताना काय म्हणाल्या? ‘नर्स जरा उद्धटच आहे.’

तेव्हा समाचारास जाणाऱ्या समस्त वाचकांस विनंती, की त्यांनी दुपारी चारनंतर जावे, दहा मिनिटे बसावे आणि सिस्टरांना विचारल्याखेरीज रुग्णाच्या तोंडी काहीही घालू नये. लाडू नेलेच असतील तर ते सिस्टरांना द्यावेत.