मरुभूमीतील अंगणातले तळे

जोधपूर, बिकानेर, जैसलमेर या बाजूस नोकरीनिमित्त बिऱ्हाड केलेल्या कुटुंबांना घरामागे दोन कमळे व चार मासे असलेले लहानसे तळे असावे, असे वाटणे साहजिक आहे. परंतु जेथे घागरीघागरीचा हिशेब ठेवावा लागतो, तेथे ही हौस करावी काय, हा प्रश्न आधी सोडविला पाहिजे. आमचे मत असे की, गच्चीवरील पावसाचे पाणी साठविण्याची तयारी असेल तर अवश्य करावी. ती नसेल तर पाखरांसाठी परळ भरून ठेवावा आणि तेवढ्यावर समाधान मानावे.

जोधपूरला वर्षाकाठी सरासरी ३५ ते ४० सेंटिमीटर पाऊस पडतो. उघड्या पाण्याची वाफ मात्र सुमारे दोन मीटर होते. दोन मीटर लांब व दीड मीटर रुंद अशा तळ्यातून, लू नावाचा तापलेला वारा वाहू लागला की, दिवसाला ३० लिटर, म्हणजे दोन बादल्या पाणी उडून जाते. तळ्यात पडणारा पाऊस वजा जाता वर्षाला सुमारे ५,००० लिटरांची भर घालावी लागते. उलट ५० चौरस मीटरांच्या गच्चीवर १७,००० लिटरांहून अधिक पाणी पडते. काही वाया गेले तरी टाक्यात साठविलेले पाणी तळ्याला पुरून उरते.

हे पाणी पावसाचेच का हवे? वाफ होऊन जाते ते निव्वळ पाणी. क्षार मागे राहतात. त्या भागातील भूजल पुष्कळ ठिकाणी मुळातच मचूळ असते. आपले तळे ९० सेंटिमीटर खोल धरले तर त्यात २,७०० लिटर मावतात. ते कूपनलिकेच्या पाण्याने भरले व भरही त्याच पाण्याची घातली, तर वर्षअखेर क्षारांचे प्रमाण जवळजवळ तिप्पट होते. कमळाची पाने कडेने करपू लागतात, मासे मंदावतात, आणि घरची मंडळी उन्हाला बोल लावून मोकळी होतात! नाइलाजाने असे पाणी वापरावे लागलेच, तर अधूनमधून काही बादल्या उपसून खजुरीच्या मुळाशी ओताव्या व तळ्यात तितकेच नवे पाणी घालावे. खजूर खारटपणा पुष्कळ सोसतो.

राजस्थानात गावतळ्याकडे पाणी वाहून आणणाऱ्या आवारास आगोर म्हणतात, आणि ते स्वच्छ राखण्याची रीत जुनी आहे. आपली गच्ची हे आपले आगोरच होय. पावसाळ्यापूर्वी ती झाडून घ्यावी आणि पहिल्या सरीचे पाणी बाहेर सोडावे.

तळे थाळीसारखे पसरट नव्हे, हौदासारखे खोल असावे. पश्चिमेस भिंत किंवा चटईचा आडोसा करावा. निम्मा पृष्ठभाग कमळाच्या पानांनी झाकलेला असावा. जलपर्णी मात्र फुले कितीही सुंदर असली तरी आणू नये. ती वेगाने पसरते आणि तिच्या पानांतून पाणी अधिकच उडते.

माशांचा खरा शत्रू उष्णता, पण ती मारते प्राणवायूच्या अभावाने. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३५ अंशांच्या पाण्यात ७ हून कमी. जोधपूरपासून फारशा दूर नसलेल्या फलोदीला १९ मे २०१६ रोजी हवेचे तापमान ५१ अंशांवर गेले होते, हे ध्यानी घेता मासे थोडेच ठेवावे. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात, म्हणून पहाटेची वेळ सर्वांत कठीण. त्या वेळी मासे वर येऊन तोंडे उघडताना दिसले तर पाणी ढवळावे. कारंजे असल्यास ते मध्यरात्रीनंतर चालवावे; भर दुपारी चालविणे म्हणजे पाणी वाऱ्यावर उधळणे होय.

घरातील साठ्यावर वाढणारा हिवतापाचा डास या प्रदेशात आहे. म्हणून टाक्याचे तोंड बारीक जाळीने बंद करावे आणि तळ्यात गप्पी मासे सोडावे. त्यांना रोज दाणे घालू नयेत. पोट भरलेला मासा अळ्या कशाला शोधील? हे मासे परदेशी आहेत, तेव्हा पुढे नकोसे झाले तरी गावच्या तलावात टाकू नयेत.

एका कडेला पाण्याबाहेर येणारा दगडांचा उतार ठेवावा, म्हणजे पाण्यासाठी उतरलेली खार किंवा पाखरू बुडत नाही. घरात रांगते मूल असेल तर संपूर्ण तळ्यावर लोखंडी जाळी बसवूनच पाणी भरावे.