सुताराचं बोट मशीनमध्ये गेलं तर पुढे काय होतं? चाकण-पिंपरीतल्या हातांची गोष्ट

चाकणच्या कारखान्यातून सुटे भाग परदेशी जातात ते बहुतेक वेळा लाकडी खोक्यात किंवा पॅलेटवर बसून. या लाकडावर एक छोटा शिक्का असतो. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं तापवून त्यातली कीड मारली आहे, असा त्याचा अर्थ. आंतरराष्ट्रीय नियमानुसार तो लागतोच, नाहीतर माल बंदरावर अडतो.

ते लाकूड कापणाऱ्या माणसाचा हात शाबूत राहावा, यासाठीही नियम आहेत. पण त्याची तपासणी कुठल्या बंदरावर होत नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणचा पट्टा वाहन उद्योगासाठी ओळखला जातो. मात्र मोठ्या कंपन्यांच्या आजूबाजूला भोसरी, तळवडे, चिखली, मोशी, महाळुंगे अशा भागांत लाकडी पॅकिंग आणि फर्निचर बनवणारी छोटी वर्कशॉप्स आहेत. शहरात नव्या सोसायट्या उभ्या राहतात, तिथे फ्लॅटमध्येच कटर लावून वॉर्डरोब आणि किचन ट्रॉली बनवणारे सुतार वेगळेच. या कामात हात यंत्रात गेला, तर तो किती वाचेल आणि त्या माणसाचं पुढे काय होईल, हे फक्त ऑपरेशनवर ठरत नाही.

अपघात होतो कसा?

सुतारकामात सर्वांत धोक्याचं यंत्र म्हणजे गोल पात्याची करवत. पॅलेटसाठी पाईनसारखं स्वस्त, नरम लाकूड वापरतात. त्यात गाठी असतात, कधी जुन्या पॅलेटचे खिळे आत राहिलेले असतात. पातं गाठीत किंवा खिळ्यावर अडकलं, की फळी झटक्यात उलटी कामगाराच्या अंगावर येते. फळी दाबून धरलेला हात त्याच झटक्यात पात्याकडे ओढला जातो.

हे टाळायचे उपाय जुने आणि स्वस्त आहेत. पात्यावर गार्ड, पात्यामागे कापलेली फट उघडी ठेवणारी पोलादी पट्टी आणि शेवटचा तुकडा ढकलायला हाताऐवजी काठी. फिरत्या यंत्राला संरक्षण हवं, असं १९४८ च्या कारखाना कायद्यातच होतं. पण गार्ड लावलं की काही आकारांचे तुकडे कापायला अडचण होते, वेग कमी होतो. पैसे नगावर मिळत असतील, तर गार्ड काढून बाजूला ठेवलं जातं आणि मग ते तिथेच राहतं.

तुटलेलं बोट कसं न्यायचं?

बोट पूर्ण तुटलं, तर आजूबाजूचे लोक घाबरून ते थेट बर्फात टाकतात किंवा पाण्यात बुडवतात. दोन्ही चुकीचं आहे. बर्फ थेट लागला की त्यातल्या पेशी गोठून मरतात, पाण्यात ठेवलं की बोट फुगतं.

योग्य पद्धत अशी: तुटलेला भाग स्वच्छ पाण्याने हलका धुवायचा. ओलसर, स्वच्छ कापडात किंवा गॉजमध्ये गुंडाळायचा. कोरड्या प्लास्टिक पिशवीत घालून तिचं तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. जखमेवर स्वच्छ कापड दाबून हात उंच धरायचा. हळद, चहा पावडर, ग्रीस असलं काहीही लावायचं नाही.

असं थंड ठेवलेलं बोट साधारण १२ तास, काही वेळा त्याहूनही जास्त वेळ जोडण्याजोगं राहू शकतं. मनगटापासून हात तुटला असेल, तर त्यात स्नायू असल्यामुळे मुदत बरीच कमी होते. शिवाय करवत सुरीसारखी सरळ कापत नाही. ती मधला काही मिलिमीटर भाग भुसा करून टाकते. त्यामुळे प्रत्येक बोट जोडता येईलच असं नाही.

म्हणून वेळ महत्त्वाची आणि इथेच चाकणचा रस्ता आडवा येतो. चाकणमध्ये ग्रामीण रुग्णालय आहे. पण रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडणारे सर्जन सगळीकडे नसतात. चाकणहून पिंपरीच्या संत तुकारामनगरमधलं महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय, म्हणजे ‘वायसीएम’, सुमारे २० किलोमीटरवर आहे. शिफ्ट सुटायच्या वेळी तळेगाव चौकात अडकलेल्या कुणालाही या २० किलोमीटरचा अर्थ विचारा. नाशिक फाटा ते खेड या ३० किलोमीटरच्या उन्नत मार्गाला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, खर्च ७,८२७ कोटी रुपये. तो उभा राहीपर्यंत आधी फोन करून, तशी शस्त्रक्रिया जिथे होते तिथेच थेट जाणं हाच उपाय.

वॉर्डात सिस्टर नेमकं काय करतात?

बोट जोडलं की काम संपलं, असं बाहेरून वाटतं. खरं तर पुढचे काही दिवस ते बोट सिस्टरच्या नजरेवर जगतं.

सुरुवातीला जवळपास दर तासाला त्या बोटाचा रंग, ऊब आणि नखाखालचं रक्त पाहतात. नख दाबून सोडलं, की साधारण दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. बोट पांढरं आणि थंड पडलं, तर रक्त आत पोहोचत नाही. निळं-जांभळं झालं, तर आलेलं रक्त बाहेर पडत नाही. दोन्हींचा उपाय वेगळा आणि दोन्हींत डॉक्टरांना लगेच बोलवावं लागतं. रात्री तीन वाजता हा फरक ज्या सिस्टरच्या लक्षात येतो, तिच्यामुळे बोट वाचतं.

याशिवाय हात उंच आणि उबदार ठेवणं, धनुर्वाताचं इंजेक्शन, वेळेवर प्रतिजैविकं, ड्रेसिंग आणि तंबाखू-बिडी बंद करायला लावणं. निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे एका बिडीनेही जोडलेलं बोट धोक्यात येऊ शकतं.

आपल्याकडच्या सरकारी रुग्णालयात बरीचशी सेवा नातेवाईक करतात, हे गृहीत धरलेलं असतं. पण या पट्ट्यातला कामगार अनेकदा मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश किंवा बिहारमधून एकटा आलेला असतो. उजवा हात बँडेजमध्ये असताना घास भरवणं, शर्टचं बटण लावणं, घरी फोन लावून देणं, हे मग सिस्टर, ब्रदर आणि वॉर्डातल्या मावशींकडे येतं.

त्यासाठी माणसं पुरेशी हवीत. वैद्यकीय शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगितला जातो. सरकारी वॉर्डात पाऊल टाकलेल्या कुणालाही प्रत्यक्ष चित्र माहीत आहे. मे २०२२ मध्ये राज्यातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा खासगी एजन्सीमार्फत कंत्राटी भरतीला विरोध ही त्यांची मुख्य मागणी होती. ठेकेदाराच्या माणसाच्या हाताची काळजी ठेकेदाराच्याच माणसाने घ्यायची, अशी वेळ येऊ नये, हा त्यातला मुद्दा रुग्णाच्याही हिताचा होता.

केस पेपरवरचं एक वाक्य

जखमीला अपघात विभागात आणलं, की पहिला प्रश्न असतो, “कसं लागलं?” सोबत आलेला माणूस कधी सांगतो, “घरी काम करताना लागलं.” भांडण नको, पोलीस नको, मालक बिल भरतोय ना, असा हिशेब त्यामागे असतो. वेदनेत असलेला कामगार मान डोलावतो.

हे वाक्य केस पेपरवर गेलं, की कामावरचा अपघात कागदावर घरगुती होतो. पुढे भरपाई मागताना तोच कागद समोर येतो. म्हणून तारीख, वेळ, जागा, यंत्र आणि कुणासाठी काम चालू होतं, हे पहिल्याच नोंदीत खरं सांगणं आवश्यक आहे. डिस्चार्जच्या वेळी सगळ्या कागदांच्या प्रती आणि एक्स-रे सोबत घ्यायलाच हवेत.

हाताची किंमत किती?

ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे आणि जिथे दहा किंवा जास्त कामगार आहेत, तिथे कर्मचारी राज्य विमा म्हणजे ईएसआय लागू होतो. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. कामावर अपघात झाला, तर उपचार मोफत. शिवाय काम करता येत नाही तोवर पगाराच्या सुमारे ९० टक्के रक्कम मिळते आणि त्यासाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नसते. चिंचवडच्या मोहननगरमध्ये ईएसआयचं रुग्णालय आहे.

कायमचं अपंगत्व आलं, तर कमाईची क्षमता किती टक्के गेली ते ठरतं. कायद्याच्या यादीत अंगठा गेला तर ३० टक्के, दोन बोटं गेली तर २० टक्के, चारही बोटं गेली तर ५० टक्के असे आकडे आहेत. पगार २०,००० असेल आणि अंगठा गेला, तर ९० टक्के म्हणजे १८,००० आणि त्याचे ३० टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ५,४०० रुपये, आयुष्यभर. हाताच्या कामात अंगठ्याचा वाटा ४० टक्क्यांच्या आसपास मानला जातो. पटाशी किंवा रंधा धरणाऱ्याला तो त्याहून मोठा वाटेल.

ईएसआय लागू नसेल, तर १९२३ च्या भरपाई कायद्याचा हिशेब लागतो आणि पैसे मालकाने द्यायचे असतात. २०२० पासून त्यात जास्तीत जास्त १५,००० रुपये पगार धरला जातो. तिशीतल्या कामगाराचा अंगठा गेला, तर रक्कम ५ लाख ६१ हजारांच्या घरात जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे दोन्ही कायदे सामावले गेले आहेत, पण हक्कांचा सांगाडा तोच आहे.

कार्ड अपघातानंतर बनतं तेव्हा

वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ ही संस्था २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. त्यात वारंवार आलेली एक गोष्ट म्हणजे अनेक जखमींना ईएसआय कार्ड अपघात झाल्यावरच मिळतं. नोंदणी आणि अपघाताची तारीख एकच दिसली, की कागदोपत्री शंका येते, चौकशी लागते आणि पैसे लांबतात.

इथे कामगाराच्या बाजूच्या दोन तरतुदी फारशा माहीत नाहीत. कामगार ठेकेदाराचा असला, तरी वर्गणीची पहिली जबाबदारी मूळ मालकाची असते. आणि मालकाने वर्गणी बुडवली असेल, तरी महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकतं.

फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या सुतारांना सहसा ईएसआय मिळत नाही. पण इमारत बांधकामातलं सुतारकाम बांधकाम कामगारांच्या कायद्यात येतं. वय १८ ते ६० असेल आणि वर्षात ९० दिवस असं काम केलं असेल, तर राज्याच्या इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते.

मग करायचं काय?

वर्कशॉपमध्ये गार्ड असलेलं पातं, भिंतीवर बोट कसं न्यायचं याचा कागद आणि जवळच्या रुग्णालयाचा नंबर, याचा खर्च एका पॅलेटइतकाही नाही. कामगाराने कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात ठेकेदाराकडे ईएसआयचा विमा क्रमांक मागावा आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो ठेवावा.

कारण करवतीला लागतो तो एक सेकंद. त्यानंतर हाताशी काय उरतं, हे पिशवीतल्या बर्फावर, रात्रपाळीच्या सिस्टरवर आणि अपघाताच्या आधीच बनलेल्या कागदावर ठरतं.