गाडीच्या आवाजाचा शोध

तर्कसंग्रहांत अन्नंभट्टांनीं शब्दाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक नगाऱ्यासारख्यांचा ध्वन्यात्मक, आणि दुसरा भाषेचा वर्णात्मक. मोटारींतून निघणारी खुडखुड, कुरकुर किंवा किंकाळी पहिल्या प्रकारांत मोडते, याविषयीं वाद नाहीं. तथापि जो मन लावून ऐकतो त्यास या निरक्षर ध्वनींतूनहि पुष्कळ अर्थ उमगूं लागतो. आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या दारीं आज मोटार उभी आहे. एकत्र कुटुंबांत ती चालविणारे दोघे-तिघे असतात, आणि एखादा नवा आवाज ऐकूं आला कीं मतें मात्र दहा होतात. कोणी इंजिनास दोष देतो, कोणी रस्त्यास. आणि शेवटीं एखादा वडीलधारा 'जुनी झाली गाडी, चालायचेंच' असें म्हणून प्रकरण मिटवितो. हा शेवटचा निकाल सर्वांत घातक होय. तो आवाज कदाचित् ब्रेकचा असतो, आणि त्याच गाडींतून दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलें शाळेस जावयाचीं असतात.

शोधास लागतांना 'आवाज कोठून येतो' हा प्रश्न प्रथम विचारूं नये. मोटारीचा सांगाडा पोलादी. एका कोपऱ्यांतला ध्वनि त्यांतून सर्वत्र पसरतो, आणि मागच्या चाकाचा आवाज पुढच्या आसनाखालीं आल्यासारखा वाटतो. स्थळाच्या बाबतींत कान असे फसतात; वेळेच्या बाबतींत सहसा फसत नाहींत. म्हणून 'आवाज केव्हां येतो, आणि केव्हां येत नाहीं' असा जोडप्रश्न विचारावा. नैयायिक यालाच अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात. एक गोष्ट असतां दुसरी असते, आणि पहिली नसतां दुसरीहि नसते, असें दोन्ही अंगांनीं दिसलें तरच त्यांचा संबंध मानावा. धुरावरून अग्नि ओळखण्याची जी रीत, तीच येथें उपयोगीं पडते.

आरंभीं डिकी, दारांतले कप्पे आणि आसनांखालची जागा रिकामी करावी. सुटा पाना, पाण्याची बाटली किंवा सैल बसलेली स्टेपनी यांनीं मोठमोठ्या रोगांचा भास उत्पन्न होतो. टायरच्या खांचेंत अडकलेला खडाहि चाकाच्या गतीबरोबर टिकटिक करतो. एवढें करूनहि आवाज राहिला, तर गाडी उभी ठेवून, गिअर मोकळा करून, इंजिनाचा वेग वाढवावा. त्याबरोबर आवाज वाढला तर दोष इंजिनांत किंवा त्यावर चालणाऱ्या पट्ट्यांत शोधावा. उभ्या गाडींत आवाज नसेल, तर मोकळ्या रस्त्यावर एकाच गतीनें, पण निरनिराळ्या गिअरांत गाडी चालवून पाहावी. गिअर बदलला म्हणजे इंजिनाचे फेरे बदलतात, चाकांचे बदलत नाहींत. आवाज तसाच राहिला तर चाकें, बेअरिंग व टायर यांवर संशय घ्यावा. मात्र एकानें चालवावें आणि दुसऱ्यानें ऐकावें. दोन्ही कामें एकानें करूं नयेत.

आमच्या घरीं गाडी मुख्यतः सूनबाई चालविते. गेल्या पावसाळ्यांत तिला भुंग्याच्या गुणगुणण्यासारखा एक घुमारा ऐकूं येऊं लागला. चिरंजिवांनीं तो टायरांचा ठरविला, शेजारच्या गृहस्थांनीं रस्त्याचा. आम्हीं सूनबाईस एक वही दिली आणि घुमारा कोणत्या प्रसंगीं येतो तेवढेंच लिहिण्यास सांगितलें. आठ दिवसांत वहींत असें दिसलें: गुळगुळीत रस्त्यावरहि तो येतो, तिसऱ्या व चौथ्या गिअरांत सारखाच असतो, मोठ्या उजव्या वळणावर वाढतो, आणि डाव्या वळणावर जवळजवळ नाहींसा होतो. उजवीकडे वळतांना गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो. तेव्हां संशय कोणत्या बाजूवर घ्यावयाचा हें वहीनेंच सांगितलें. गॅरेजांत पुढचें डावें चाक उचलून फिरविलें, तों त्याच्या बेअरिंगची खरखर हातास लागली. तेवढेंच बदललें, आणि घुमारा थांबला. ज्याच्या हातीं गाडी रोज असते त्याचा कान घरांत सर्वांत तयार असतो. तें माणूस वयानें लहान असो, घरांत नवीन असो, त्याचें म्हणणें प्रथम ऐकावें.

आतां कांहीं नेहमींचीं लक्षणें सांगतों. ब्रेक लावतांना बारीक किंकाळी येते तिचें कारण बहुधा असें, कीं पुष्कळ ब्रेक-पॅडांना एक पातळ पोलादी पट्टी मुद्दाम लावलेली असते, आणि पॅड झिजला कीं ती चकतीस घासून ओरडते. ही पूर्वसूचना होय. तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास पुढें धातूवर धातू घासल्याचा घरघराट येतो. मग गाडी पुढें नेऊंच नये. पूर्ण वळण घेतांना कटकट आली, तर पुढील चाकांस गति देणाऱ्या दांड्याचा सांधा झिजलेला असतो. बहुतेक वेळां त्यावरील रबरी आवरण फाटून वंगण गळून गेलेलें असतें. खड्ड्यावरून जातांना ठकठक झाली, तर शॉक-अब्सॉर्बर व आसपासचे रबरी भाग तपासावेत. थंड किंवा पावसाळी सकाळीं इंजिन सुरू होतांच किंचाळलें, तर पट्टा सैल किंवा जीर्ण असण्याचा संभव. इंजिन टिकटिक करूं लागलें, तर इतर कांहीं करण्यापूर्वीं तेलाची पातळी पाहावी.

चढावर जोर देतांना डब्यांत खडे हलविल्यासारखा आवाज येतो, त्याची कथा बोधप्रद आहे. सिलिंडरांत ज्योत क्रमानें पसरावयाची, त्याऐवजीं उरलेलें मिश्रण एकदम भडकतें, आणि हा ठोका ऐकूं येतो. १९२१ सालीं अमेरिकेंत टॉमस मिजली यांस असें आढळलें, कीं पेट्रोलांत शिशाचें एक संयुग मिसळल्यास ठोका बंद होतो. ठोका बंद झाला खरा. परंतु शिशाचें विष धुरावाटे हवेंत आणि मुलांच्या रक्तांत गेलें. भारतांत मोटारींसाठीं असलें पेट्रोल २००० सालीं बंद झालें, आणि सर्व जगांतून २०२१ सालीं. आतां पुष्कळ इंजिनांवर दाबानें वीज उत्पन्न करणारा एक लहानसा कान बसविलेला असतो. ठोका ऐकतांच तो यंत्रास सूचना देतो, आणि ठिणगीची वेळ किंचित् मागें सरकते.

फ्रेंच वैद्य लाएनेक यांनीं १८१६ सालीं कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीस लावून हृदयाचे ठोके ऐकले. मिस्त्री लोक लांब पेचकसाचें टोंक इंजिनास टेकवून मूठ कानाशीं धरतात, ती हीच विद्या. परंतु घरच्या माणसानें या भरीस पडूं नये. चालत्या पट्ट्यांत ओढणी, पदर किंवा वेणी क्षणांत ओढली जाते. विजेचा पंखा इंजिन बंद असतांहि अकस्मात् फिरूं लागतो. बंद जागेंत इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु कळूं न देतां प्राण घेतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखालीं तर कोणींहि शिरूं नये.

मिस्त्र्याकडे गेल्यावर 'अमुक भाग बदला' असें सांगूं नये. तसें सांगितल्यास तो भाग बदलला जातो, पैसे जातात आणि आवाज कित्येकदां राहतो. वैद्यापुढें जशीं लक्षणें सांगावयाचीं तशीं वहींतलीं टिपणें वाचून दाखवावींत, आणि शक्य तर त्यास शेजारीं बसवून आवाज प्रत्यक्ष ऐकवावा. एक गोष्ट मात्र विसरूं नये. आवाज थांबणें आणि दोष जाणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. ब्रेकची किंकाळी उपाय न करतां आपोआप थांबली, तर हायसें न वाटूं देतां ती तारीखहि वहींत लिहावी, आणि चाक उघडून पाहावें.